देखावा विमानाच्या कारखान्याचा

(रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर मावळे बसतात, खाली हळीव पेरलेलं शेत उगवतं. गणपती-गौरीपुढे आपण विहीर, जातं, भाजीबाजार असं काहीबाही मांडतो. आपल्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी केली असेल. म्हणजे खरी वस्तू लहान करून दाखवायची कला आपल्या हातात आहेच. आज हीच कला वापरून एक वेगळा देखावा कसा करायचा ते बघू. हा देखावा आहे पहिलं विमान जिथं तयार झालं त्या कारखान्याचा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, गावच्या वाचनालयात किंवा गटाच्या कार्यक्रमात तो ठेवता येईल.

आधी गोष्ट समजून घेऊ. अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे, तिथल्या डेटन शहरात विल्बर आणि ऑर्विल राइट हे दोघे भाऊ राहत. १८९२ साली त्यांनी सायकलचं दुकान काढलं, आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. पुढं दुकान, मागं कामाची खोली. त्या मागच्या खोलीत विमानाचे भाग घडले. १७ डिसेंबर १९०३ रोजी हे विमान किटी हॉक या समुद्रकाठच्या वाळूच्या गावाजवळ उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. या सगळ्या खटाटोपाला हजार डॉलरहून कमी खर्च आला आणि तो सायकलीच्या धंद्यातून निघाला. त्याच सुमाराला सॅम्युअल लँगली या मोठ्या शास्त्रज्ञाला विमानासाठी सरकारकडून ५० हजार डॉलर मिळाले होते. त्यांचं यंत्र पहिल्या उड्डाणाच्या नऊच दिवस आधी नदीत पडलं.

आता प्रश्न असा, की हा कारखाना दाखवायचा म्हणजे नेमकं काय दाखवायचं? बहुतेक चित्रांत दोन भाऊ, लेथ, इंजिन आणि लाकूड एवढंच असतं. पण विमानाचे पंख कापडाचे होते, आणि कापड म्हटलं की शिवण आली. ती शिवण कुठं झाली?

या भावांची धाकटी बहीण कॅथरीन डेटनच्या हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवायची. भाऊ किटी हॉकला गेले की दुकानाकडेही तीच लक्ष द्यायची. १९०२ च्या ऑगस्टमध्ये तिनं वडिलांना पत्रातून कळवलं, की विल्बर तास न् तास शिलाई मशीन फिरवत बसलाय, ऑर्विल उकिडवा बसून शिवायच्या जागांवर खुणा करतोय, आणि घरात राहायला जागा उरलेली नाही. म्हणजे त्या वर्षीच्या यंत्राचे पंख राहत्या घरात शिवले गेले, आणि शिवणारे होते पुरुष. पुष्कळदा सांगितलं जातं की पंख कॅथरीननं शिवले. ऐकायला छान वाटतं, पण तिचंच पत्र वेगळं सांगतं. आपला देखावा खरा असायला हवा, म्हणून मशीनवर विल्बरलाच बसवायचं.

तर मैत्रिणींनो, आपल्या देखाव्याला दोन खोल्या असतील: एक घराची, एक कारखान्याची. नुसता कारखाना मांडला तर घरात झालेलं निम्मं काम दिसतच नाही. घरात होणारं काम मोजणीतून कसं सुटतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पहिली गोष्ट, काळ ठरवा

देखाव्यात सगळ्यात मोठी गफलत होते ती काळाची. मिळेल ती वस्तू मांडत गेलं की १९०३ च्या शेजारी १९१० येऊन बसतं. म्हणून प्रत्येक खोलीला एकच वेळ द्या. घराची खोली ऑगस्ट १९०२ ची, कारखान्याची खोली १९०३ च्या उन्हाळ्यातली. सप्टेंबर १९०३ मध्ये भाऊ सामान घेऊन किटी हॉकला गेले, त्याआधीची.

यामुळे काही वस्तू गाळाव्या लागतात. पंखाचा आकार ठरवण्यासाठी १९०१ साली या भावांनी सहा फूट लांब आणि १६ इंच चौकोनी लाकडी पेटी केली होती. एका टोकाला पंखा, आत सोसाट्याचा वारा. सायकलच्या तारा आणि करवतीची पाती वापरून त्यांनी आतलं मोजणीचं साधन केलं आणि पत्र्याचे सुमारे २०० छोटे छोटे पंख त्यावर तपासले. ही पेटी मांडायचा मोह होईल, पण आपल्या १९०३ च्या खोलीत ती चालू दाखवता येणार नाही. मात्र तिची गोष्ट चिठ्ठीवर जरूर लिहा. लहान प्रतिकृती म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं, तर सांगा, विमानाचा पंख अशाच बोटभर प्रतिकृतींवरून ठरला.

दुसरी गोष्ट, प्रमाण

आपलं प्रमाण अगदी सोपं ठेवू: एक फुटाला एक इंच. खरी वस्तू जितके फूट, आपली तितके इंच. शिवणाची टेप घेतली की झालं. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा होईल. अडीच फूट उंचीचं टेबल अडीच इंचांचं होईल. इंचांमधलं माप असेल तर त्याला बारानं भागायचं.

हे प्रमाण एकदा ठरलं की मोडायचं नाही. गणपतीच्या देखाव्यात बैल घरापेक्षा मोठा झाला तरी कुणी बोलत नाही. इथं तसं चालणार नाही, कारण पाहणारी मुलगी मापावरूनच अंदाज बांधणार आहे: खोली केवढी होती, माणसं कशी दाटीवाटीत काम करत होती.

आता गंमत बघा. १९०२ च्या यंत्राचे पंख ३२ फूट लांब आणि ५ फूट रुंद होते. म्हणजे आपल्याला ३२ इंच लांब, ५ इंच रुंद कापडाच्या पट्ट्या लागतील, आणि आपली घराची खोली आहे बारा इंचांची! कापड घडी घालून, खुर्चीवर टाकून, जमिनीवर पसरूनच मांडावं लागेल. घरात राहायला जागा उरली नाही असं कॅथरीननं का लिहिलं, ते मांडतानाच कळेल.

घराची खोली

बारा इंच चौरस पुठ्ठा जमिनीसाठी घ्या. दोनच भिंती उभ्या करा, म्हणजे पुढून आणि बाजूनं आत दिसेल. भिंतीची उंची नऊ इंच पुरे. भिंतीला जुन्या वहीचा किंवा भेटवस्तूच्या वेष्टनाचा फिकट कागद लावा.

मशीनसाठी काडेपेटीच्या आकाराचं टेबल करा आणि अडीच इंचांचे पाय लावा. मशीनचं डोकं शाडूचं घडवा, वाळल्यावर काळं रंगवा. बाजूचं चाक म्हणून शर्टाचं छोटं बटण चिकटवा. विल्बर दाढीमिशा नसलेला, डोक्यावर विरळ केस. ऑर्विलला मिशा. हा उकिडवा बसलेला, हातात पेन्सिल. माणसांसाठी आत तांब्याच्या तारेचा सांगाडा करून वर कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या तर हवं तसं वाकवता येतं. दाराशी कॅथरीन उभी करा, पायघोळ झगा घातलेली.

कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही आपली हद्द आहे. १९०३ च्या विमानाला त्यांनी कोरं, बारीक विणीचं सुती कापड वापरलं, आपल्या मांजरपाटाच्या जातीचं पण त्याहून तलम. त्यावर रंग नाही, खळ नाही. आणि ते सरळ न लावता तिरकं लावलं, ज्याला शिवणवर्गात आपण क्रॉस कापड किंवा उरेब म्हणतो. ब्लाउजच्या गळ्याला आपण क्रॉस पट्टी लावतो, कारण तिरकं कापड वळतं आणि अंगाबरोबर बसतं. राइट बंधूंना दुसरा फायदा हवा होता. चौकट तिरकी ओढली जाऊ नये म्हणून सुतार आडवा-तिडवा टेका मारतो. कापड तिरकं ताणलं की त्याचे धागेच त्या टेक्याचं काम करतात. वजन न वाढवता पंखाला बळकटी येते. आता सांगा, ही शिवणकला म्हणायची की यंत्रविद्या? दोन्ही एकच आहेत.

प्रतिकृतीसाठी मात्र मांजरपाट घेऊ नका. कापड लहान करता येतं, धागा लहान करता येत नाही. इतक्या छोट्या पंखावर मांजरपाट गोणपाटासारखं दिसेल. धुऊन धुऊन विरलेलं मलमल किंवा जुन्या धोतराचा तुकडा घ्या, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, म्हणजे कोऱ्या कापडाचा पिवळसर रंग येईल. कापताना तिरकंच कापा. चिठ्ठीवर ही गोष्ट लिहा, आणि शेजारी मूठभर कापड ठेवा. येणाऱ्या मुलांना सरळ आणि तिरकं ओढून बघू द्या.

कारखान्याची खोली

इथं दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी घ्या. आपण सबंध इमारत करणार नाही, मागच्या कामाच्या खोलीचा एक भाग करू. जमिनीसाठी आइस्क्रीमच्या काड्या शेजारी शेजारी चिकटवा. आपल्या प्रमाणात त्या साडेचार-पाच इंच रुंद लाकडी पाट्या होतात. वर चहाचं पाणी आणि थोडं काजळ फासलं की जुनी, तेलकट जमीन दिसेल.

छताजवळून एक लांब दांडा न्या. या कारखान्यात गॅसवर चालणारं एक छोटं इंजिन होतं, तेही भावांनीच बनवलेलं. ते हा दांडा फिरवायचं, आणि दांड्यावरून खाली आलेले पट्टे लेथ आणि ड्रिल मशीन चालवायचे. ज्यांनी पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. दांड्यासाठी छत्रीची काडी, चाकांसाठी दोऱ्याची रिकामी रिळं कापून, आणि पट्ट्यासाठी जुन्या पर्सचं रेक्झिन. पट्टा ताणलेला हवा. लोंबकळणारा पट्टा दिसला की बघणाऱ्याला यंत्र बंद पडलंय असं वाटतं.

सायकली हव्यातच. त्या काळच्या सायकलीचं चाक साधारण २८ इंचांचं. बाराने भागलं की सव्वादोन इंचांहून किंचित जास्त. आता तुमच्या हाताकडे बघा! दोन-चारच्या मापाची बांगडी आतून सव्वादोन इंचांची असते. बारीक बांगडीला काळा रंग दिला की चाक तयार. तारांसाठी पांढरा दोरा मध्ये मणी ठेवून ताणून बांधा. एक सायकल उभी ठेवा, दुसरीचं नुसतं चाक भिंतीला टेकवा.

आता इंजिन. ते घडवणारा कारागीर चार्ली टेलर. १९०१ पासून आठवड्याला १८ डॉलर पगारावर तो दुकानात कामाला होता. विमानासाठी हलकं इंजिन कुणी करून देईना, तेव्हा चार्लीनं सुमारे सहा आठवड्यांत ते करून दिलं. चार सिलिंडरचं, सुमारे १२ अश्वशक्तीचं, मुख्य भाग अॅल्युमिनियमचा ओतीव. इंजिनचा वळणदार दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, करण्यासाठी त्यानं ३१ इंच लांब, ६ इंच रुंद अशी जाड पोलादी पट्टी घेतली. तिच्यावर आकार काढला, कडेकडेनं भोकं पाडली, छिन्नी-हातोड्यानं नको तो भाग पाडला आणि उरलेलं लेथवर घासून गुळगुळीत केलं. हाच क्षण देखाव्यात धरा. अडीच इंचांहून जरा लांब आणि अर्धा इंच रुंद जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, काळी रंगवा, वर पेन्सिलीचं शिसं घासा म्हणजे लोखंडाची चमक येईल. मग सुईनं कडेकडेनं भोकांची रांग पाडा. चार्लीला तिच्यावर वाकलेला दाखवा. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना पहिल्या इंजिनचा ओतीव भाग तुटला होता आणि तो पुन्हा ओतून घ्यावा लागला. तुमच्या हातून एखादी वस्तू मोडली तर हे आठवा आणि दुसरी करा.

विमानाचा हवा ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, दोन होते. प्रत्येक साडेआठ फूट लांब. स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाच्या तीन फळ्या एकावर एक चिकटवून ते कुऱ्हाडीनं आणि रंध्याच्या जातीच्या हत्यारानं कोरलेले होते. आपण साडेआठ इंचांच्या तीन पातळ कामट्या चिकटवून पीळ देऊन तासू. एक पुरा, एक अर्धवट ठेवा. खाली पेन्सिल तासल्यावर निघालेला भुसा टाका.

सगळ्यात मोठी वस्तू शेवटी. विमानाचा पूर्ण पंख ४० फूट ४ इंच लांब होता. तो आपल्या फळीवर मावणार नाही, आणि खऱ्या कारखान्यातही मावत नव्हता! म्हणून तिथं फक्त मधला भाग जोडला गेला. तेवढ्यानंच पुढच्या दुकानाकडे जायची वाट अडली. गिऱ्हाईक आलं की कुणाला तरी बाजूच्या दारानं बाहेर पडून, वळसा घालून पुढं जावं लागे. संपूर्ण विमान पहिल्यांदा जोडलं गेलं ते किटी हॉकलाच. आपण मधला भाग बांबूच्या बारीक कामट्यांचा करू: पंखाची पुढून मागची रुंदी साडेसहा इंच, वरचा आणि खालचा पंख यांमध्ये सहा इंचांहून किंचित जास्त अंतर. वरच्या पंखावर थोडंसंच कापड लावा, बाकी फासळ्या उघड्या राहू द्या. आणि तो अशा ठिकाणी ठेवा की दुकानाकडचं दार अडेल. सुटसुटीत मांडायचा मोह आवरा. या देखाव्यात अडचणच खरी आहे.

एक छोटी तिसरी फळी

जमलं तर वीतभर फळीवर वाळू पसरून किटी हॉक, १९०० असं लिहा. त्या वर्षी विल्बर पहिल्यांदा तिथं गेला. त्याला १८ फुटांचं लाकूड हवं होतं, मिळालं १६ फुटांचं. पंख आखूड झाला, म्हणून घरून शिवून आणलेलं कापड कापून पुन्हा शिवावं लागलं. ते त्यानं अॅडी टेट या तिथल्या बाईंच्या शिलाई मशीनवर शिवलं. प्रयोग संपल्यावर ते यंत्र भाऊ तिथंच सोडून गेले. अॅडीबाईंनी पंखाचं चांगलं साटीन उसवून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. त्या फळीवर एक मशीन आणि दोरीवर वाळत घातलेले दोन इवलेसे झगे, एवढंच पुरे. जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या आपल्या बायकांना अॅडीबाईंची ओळख लगेच पटेल.

काम कसं वाटून घ्याल?

गटात दहा जणी असतील तर दोघींनी मापांची यादी करावी. एका रकान्यात खरं माप, दुसऱ्यात आपलं. तिघींनी भिंती, जमीन, टेबलं करावीत. दोघींनी कापड आणि पंख, दोघींनी माणसं, एकीनं चिठ्ठ्या. माप तपासायचा अधिकार एकीलाच द्या आणि तिचं सगळ्यांनी ऐका. कटर आणि सुया मुलांच्या हातात देऊ नका, पण सायकलची चाकं मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या. सामान बहुतेक घरातलंच आहे. फेविकॉल, रंग आणि पुठ्ठा तेवढा विकत लागेल. शाळेनं असा देखावा करून मागितला तर सामानाबरोबर आपल्या दिवसांचेही पैसे धरा. चार्लीलाही पगार होता.

चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी: हे काय आहे, कुणी केलं, कुठं केलं. आणखी एक चिठ्ठी त्यांच्या आईची लिहा. सुझन राइट या गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी, हत्यारं चालवण्यात पटाईत. तिनं मुलांना बर्फावरून घसरायची गाडी स्वतः करून दिली होती. १८८९ साली ती वारली, विमान तिनं पाहिलं नाही. तिची मूर्ती मांडू नका, पण नाव राहू द्या.

शेवटी एक सांगते. पुढं १९३७ साली हेन्री फोर्ड यांनी राइट बंधूंचं सायकलचं दुकान डेटनहून हलवून मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला नेलं, आणि त्याबरोबर त्यांचं राहतं घरही नेलं. कारखान्याची जुनी मांडणी पुन्हा जमवायला चार्ली टेलरची मदत घेतली. आज तिथं ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये घर आणि कारखाना दोन्ही बघता येतात. आपल्याही देखाव्यात ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवू या. तो बघायला येणारी एखादी पोर विचारेल, विमानाच्या गोष्टीत शिलाई मशीन कशाला? तिला सांगा, बाळा, त्याशिवाय पंख झाले नसते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं शिवणाची टेप, एक काडेपेटी आणि एक जुनी बांगडी घेऊन या. तिथूनच सुरुवात करू. नमस्कार!